भीतीचे टेकू

पेणच्या बाजारपेठेतली एक इमारत माझ्या हातून पडता पडता राहिली, कारण तिच्या वजनाच्या हिशेबात मी गणपती धरले नव्हते.

त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर दामूकाकांचा मूर्तींचा कारखाना होता. मी मोजमापं घ्यायला गेलो ते दिवाळी उलटल्यावर. तेव्हा पेणमधले कारखाने नुकतेच रिकामे झालेले असतात. मजला झाडून ठेवला होता, कोपऱ्यात दोन-चार साचे होते आणि खिडकीत मांजर झोपली होती. मी कागदावर लिहिलं, ‘वरचा मजला : रिकामा.’ काम सुरू झालं वैशाखात. आता वैशाखात पेणमधला कुठला कारखाना रिकामा असतो? ही चूक मुंबईच्या आर्किटेक्टनं केली असती तर आम्ही त्याला गावभर हसलो असतो. मी जन्मानं पेणकर. आमच्या घराच्या दोन्ही अंगांना कारखाने. बारा महिने गणपती बघून बघून आम्हाला ते दिसेनासे होतात, आणि जे दिसत नाही त्याला वजन असतं हे डोक्यात येत नाही.

पण माझ्याबद्दल सांगण्यासारखं इथंच संपलं. सांगायचंय ते टिपणीससाहेबांबद्दल. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत त्यांच्याइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही, आणि हे मी आदरानं म्हणतो आहे.

साहेब सरकारी बांधकाम खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले होते आणि रोह्याजवळ वरश्याला राहत होते. माझ्यासारखे नवखे आर्किटेक्ट चित्रं काढायचे आणि ती उभी राहतील की नाही, हे त्यांना विचारायला जायचे. उंच, वाकलेला माणूस. बाराही महिने हातात छत्री. कुणाच्या घरी गेले की खुर्ची आधी हातानं हलवून बघायचे, मग डोक्यावर पंखा आहे का ते बघून ती थोडी सरकवायचे, मग दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघायचे आणि मग बसायचे. जन्म रोह्यातला, घरात सगळे मासे खाणारे, पण यांनी काट्याच्या भीतीनं मासे सोडलेले. घरी बांगडे तळले जात असताना हे वरणभात कालवत बसायचे.

पेणहून परत जाताना ते एस.टी.तून रोह्याच्या अलीकडे अष्टमी गावातच उतरत, कुंडलिकेवरचा पूल पायी ओलांडत आणि पलीकडे रिक्षा करत. मी एकदा म्हटलं, “साहेब, पूल पडला तर चालणाराही पडणारच की.”

“पडेल ना. पण चालणाऱ्याला पायाखाली कळतं. बसमधला बिचारा खिडकीतून बघत असतो.”

“पूल चांगला भक्कम आहे हो.”

“पूल चांगलाच आहे. माझा स्वभाव वाईट आहे.”

त्यांच्या बोलण्यात ‘समजा’ हा शब्द फार. तुम्ही जिना दाखवा, ते म्हणणार, “समजा, दोघं एकदम उतरले.” गॅलरी दाखवा, “समजा, मूल कठड्यावर चढलं.” आमच्या धंद्यातली माणसं त्यांना मागून ‘समजासाहेब’ म्हणायची. मीही म्हणायचो. बरोबर-चूक असं ते कधी सांगत नसत. नकाशा परत करताना एवढंच म्हणत, “इथं मला भीती वाटली.” आणि ज्या जागेवर त्यांचं बोट असे तिथं हमखास काहीतरी राहिलेलं असे.

ती इमारत हिरामावशीची. खाली तिचं तांदूळ-कडधान्याचं दुकान, शेजारी एक कापडवाला भाडेकरू, वर दामूकाका. मावशी साठी ओलांडलेली, आवाज असा की समोरच्या फुटपाथवरचा माणूस थांबावा. पण समोर फुटपाथ नव्हता. कुठंच नव्हता. बाजारपेठेत प्रत्येक दुकानाच्या पायऱ्या गटारावर आलेल्या, पायऱ्यांवर डबे आणि पोती, पायऱ्यांपुढे सायकली, सायकलींपुढे हातगाड्या, आणि मग जे उरेल त्यातून टेम्पो, ट्रक आणि माणसं. एक दिवस मावशी स्वतःच्याच दुकानाची शेवटची पायरी उतरली आणि मागून आलेल्या टेम्पोनं तिला उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून काठी टेकत आली आणि तिनं मला बोलावलं.

“माज्याच पायरीवरनं उतरून मी मरनार व्हय? काढ ही पायरी. लोकांना चालता येल असं कायतरी कर.”

मी तेव्हा नुकतं रामवाडीला ऑफिस टाकलं होतं. भिंतीला रंग ओला आणि डोक्यात वाशीच्या इमारती. मी मावशीला निळ्या काचेचं व्यापारी संकुल काढून दिलं. पुढं काळ्या कडाप्प्याच्या चकचकीत पायऱ्या. तिनं पायरी काढायला सांगितली होती आणि मी वाढवून ठेवल्या होत्या. मावशीला नकाशा कळला नाही, म्हणून तिला तो आवडला. मी तुळयांचा हिशेब करून घ्यायला तो घेऊन वरश्याला गेलो.

साहेबांनी कागद पुष्कळ वेळ पाहिला.

“ही माणसं कोण?”

नकाशात शोभेला छापतात तशी माणसं मी इमारतीसमोर चिकटवली होती. सडपातळ, उंच, पँटच्या खिशात हात घातलेली.

“गिऱ्हाईक,” मी म्हटलं.

“यांच्या हातात पिशवी नाही. डोक्यावर काही नाही. काखेत मूल नाही. हे पेणच्या बाजारात कशाला आलेत?” मग नेहमीचं बोट पायऱ्यांवर ठेवून म्हणाले, “इथं मला भीती वाटली. मी बघायला येतो.”

ते आले ते नेमके बाजाराच्या दिवशी. खाडीकाठच्या मिठागरांवरच्या बायका, भाजीवाल्या, आतल्या गावांतले वालाची पोती घेऊन आलेले शेतकरी, सगळी गर्दी रस्त्यावर. साहेबांनी एका हातानं माझा शर्ट मागून धरला आणि आम्ही निघालो. हॉर्न वाजला की ते भिंतीला चिकटायचे आणि मीही ओढला जायचो. माझ्या ओळखीचे लोक दुकानांतून बघत होते. मला लाज वाटत होती, साहेबांना नाही. ते घामाघूम होते आणि सगळं टिपत होते. कुठं पाय घसरतो, कुठं बोर्ड डोक्याला लागतो, बाई कुठं थांबते, का थांबते.

मावशीच्या दुकानाशी आल्यावर म्हणाले, “आता डोक्यावर पाटी घ्या.”

“मी?”

“मी पडेन. तुम्ही तरुण आहात.”

मावशीनं आनंदानं तांदळाची पाटी भरून माझ्या डोक्यावर चढवली. मी ऐटीत निघालो आणि कापडवाल्याच्या लोखंडी बोर्डाला पाटी धडकली. तांदूळ रस्ताभर. एका सायकलवाल्यानं ब्रेक दाबला, त्याच्यामागे हातगाडी, तिच्यामागे टेम्पो. सगळा बाजार अडला. मावशी दुकानातून ओरडली, “मिठागरावरच्या बायका सकालपासून पाट्या वाहतात, त्यांचा एक दाना सांडत नाय. आन ह्यो शिकलेला!”

साहेब मात्र बोर्डाची उंची बघत होते. त्या दिवशी निळी काच माझ्या नकाशातून गेली. जे आलं ते असं : खालची दुकानं सहा फूट आत घ्यायची, पुढची भिंत काढून तिथं खांब उभे करायचे, वरचा मजला आहे तसाच त्यांच्यावर राहील. खांबांच्या आतून, सावलीतून माणसांनी चालायचं. पायऱ्या नाहीत, रस्त्याला लागून उतार. गटारावर झाकण. आणि रुंदी किती? तर समोरासमोर आलेल्या दोन पाटीवाल्या एकमेकींना न थांबवता जातील एवढी. हे माप कुठल्या पुस्तकात नव्हतं. साहेबांनी दोन बायकांना विनंती करून ते खडूनं जमिनीवर काढलं होतं.

मावशी ऐकूनच भडकली. “म्हंजे माजी जागा मी रस्त्याला दान करू? सहा फूट? दुकानाचं काय कपाट करनार हाव?”

माझ्याजवळ भाषण तयार होतं. साहेबांनी मला गप्प केलं.

“मावशी, मी तुमच्या दुकानात कधी आलोय का?”

“नाय.”

“येणारही नाही. मला या पायऱ्यांची भीती वाटते. मी हे तोंडानं सांगतोय. माझ्यासारखे पुष्कळ आहेत, ते सांगत नाहीत. ते लांबूनच जातात.”

मावशीनं काठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाली, “मी बी आता मागल्या दारानं येते दुकानात.” आणि काम ठरलं.

जिना मात्र तसाच ठेवावा लागला. अरुंद, लाकडी, समोरच्या बाजूनं, नेमका त्या काढायच्या भिंतीला लागून वर जाणारा. साहेब त्याच्या पहिल्या फळीवर एक पाय ठेवून परत आले.

“मी नाही चढत. वर काय आहे?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“एक मांजर आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते लिहून घेतलं. त्यावरून हिशेब केला. भिंत काढताना वरचा भार तोलायला लागणारे लोखंडी टेकू त्यांनी चित्रात दाखवले, मग पेन्सिलीनं त्यांच्यामध्ये आणखी काढले.

“हे कसले?” मी विचारलं.

“ते हिशेबाचे. हे भीतीचे.”

गवंडी हसला, मीही हसलो. टेकवांच्या त्या रानातून मावशीच्या गिऱ्हाइकांना अंग चोरून जावं लागायचं. वरच्या भिंतीला बाहेरून एक जुनी बारीक चीर होती, तिच्यावर साहेबांनी काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवून घेतली. भिंत जरा जरी हलली तरी काच तडकते. इमारतीची नाडीच ती.

पुढची भिंत निघाली. नवी काँक्रीटची तुळई ओतली. ती अजून कच्ची होती, पुरतं बळ यायचं होतं, सगळा भार टेकवांवर होता. त्या सकाळी साहेब रोह्याहून आले, वर पाहिलं आणि छत्रीचं टोक तिकडे रोखलं. काच तडकली होती.

“वर जा,” ते म्हणाले. “काय आहे ते बघून या.”

मी वर गेलो. आयुष्यात पुष्कळ वेळा घाबरलो आहे, पण पायाखालची जमीन दुसऱ्याची आहे असं तेव्हाच वाटलं. दारापासून खिडक्यांपर्यंत गणपती. नुसत्या शाडूचे, ओले, राखाडी, अजून डोळे न काढलेले. पुढल्या बाजूला वारा आणि उजेड, म्हणून सगळ्यात मोठे खिडक्यांपाशी, आणि त्यांच्या शेजारी शाडूची पोती भिंतीला थप्पी लावून. म्हणजे मी जिथली भिंत काढली होती, बरोबर तिच्या डोक्यावर. त्यांच्यामध्ये बसून दामूकाका, त्यांची बायको, दोन्ही सुना आणि कामगार शांतपणे हात चालवत होते. फळीवर चहाचा कप होता. चहावर बारीक गोल लाटा उठत होत्या. कुणाचं लक्ष नव्हतं.

मी खाली आलो. “साहेब, वर गणपती आहेत.”

“किती?”

“सगळे.”

छत्री दोन्ही हातांनी धरून ते म्हणाले, “माणसं खाली आणा. हळू. मग मूर्ती. आधी पोती आणि खिडकीजवळच्या मोठ्या. मधल्यापासून, दोन्ही बाजूंनी सारख्या. एका बाजूनं ओझं काढलंत तर दुसरी बाजू बसेल.”

बायका उतरल्या. दामूकाका उतरेनात. जिन्याच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले, “ओल्या हायत साहेब. हात लावला का मोडतील. माजं वर्साचं पोट हाय त्यांच्यात.”

“दामूशेठ, समजा—” साहेब म्हणाले आणि थांबले. पुढचं त्यांना बोलवेना. दामूकाकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पहिलं पोतं उचललं.

पण एकट्यानं काय होणार? माणसं हवी होती. आणि माणसं रस्त्यापलीकडे जाऊन उभी होती, गवंड्यासकट. जिना त्या कच्च्या तुळईखालूनच वर जात होता. कुणी पुढं येईना. मीसुद्धा रस्त्याच्या मधोमध होतो, म्हणजे अर्धा शूर.

तेव्हा टिपणीससाहेब चालत गेले आणि तुळईच्या खाली, मधल्या टेकवाशी जाऊन उभे राहिले.

बोर्डाखालून वाकून जाणारा, रस्ता ओलांडताना दुसऱ्याचा शर्ट धरणारा हा माणूस गेले काही महिने सगळ्या पेठेनं पाहिला होता.

“मी इथं उभा आहे,” ते म्हणाले. आवाज चिरकला. “मी पळालो की तुम्ही पळा. त्याआधी पळू नका.”

गवंड्यानं कमरेचा पंचा आवळला. “समजासाहेब उबे हायत तिथं. म्हंजे काय व्हत नाय. चला रे!” आणि माणसं जिन्यात शिरली. रस्त्यापलीकडच्या देवळाच्या मंडपापर्यंत साखळी लागली. कापडवाला, हमाल, भाजीवाल्या. पाट्या खाली ठेवून बायका ओल्या मूर्ती छातीशी धरून नेत होत्या. मावशी मंडपाच्या दारात काठी घेऊन उभी. “सोंड सांबाल, मेल्या! पाट नाय का धरता येत?”

मी साहेबांजवळ गेलो, तेव्हा एक आवाज ऐकू आला. टक. टक टक. लोखंडावर काहीतरी वाजत होतं. जिन्यातल्या हमालानं वर पाहिलं. टेकू सरकतो आहे असं वाटून मी खाली वाकलो, तर साहेबांच्या छत्रीचं टोक टेकवाला लागत होतं. त्यांचे हात थरथरत होते.

“माझे हात धरा,” ते ओठ न हलवता म्हणाले. “दिसू देऊ नका.”

मी धरले. माझेही तसेच थरथरत होते, त्यामुळे आवाज दुप्पट झाला. शेवटी छत्री मी काखेत मारली.

“साहेब, टिकेल ना?”

“मला काय माहीत? हिशेब तुमच्या मांजरीचा आहे.”

“मग तुम्ही बाहेर व्हा ना.”

“जिन्यात बघा. सगळे माझ्याकडे बघत उतरतायत. मी हललो तर एकमेकांच्या अंगावर पडतील.” मग म्हणाले, “भीतीचे टेकू धरून आहेत अजून. तेवढंच आहे आपल्याकडे.”

वरून चुन्याची भुकटी त्यांच्या खांद्यावर पडत होती. ती झटकायलाही त्यांनी हात हलवला नाही. दामूकाका शेवटची मोठी मूर्ती घेऊन उतरले, उंबऱ्याबाहेर गेले, रस्ता ओलांडून गेले, तेव्हा साहेब तिथून निघाले. पळाले नाहीत. एरवी चालत त्याहूनही हळू चालत पलीकडे आले, उपड्या घमेल्यावर बसले आणि गटाराकडे तोंड करून ओकले. मग पाणी मागितलं. मग विचारलं, रोह्याची गाडी किती वाजता आहे.

इमारत पडली नाही. नवी काचपट्टी लावली, ती शाबूत राहिली. तुळईला बळ आलं, टेकू निघाले. हिशेबाचे आधी, भीतीचे त्यानंतर कितीतरी दिवसांनी. काही मूर्तींचे हात-सोंडा मोडल्या, त्या दामूकाकांनी पुन्हा घडवल्या आणि पुढं मला बघितलं की ते न चुकता विचारत, “काय साहेब, आज काय काय दिसतंय?”

दुकानांपुढच्या त्या सावलीत लोक कुणी न सांगता चालायला लागले. पाटीवाल्या तिथून जायच्या, शाळेतल्या मुली जायच्या. मावशीच्या दुकानात जागा कमी झाली आणि गर्दी वाढली. तक्रार ती दोन्हींची करायची. पुढं पेठेतल्या आणखी एक-दोघांनी पायऱ्या काढल्या. बाकीच्यांनी नाही काढल्या.

साहेबांना मी शेवटचं पाहिलं ते तिथंच, दोन-तीन वर्षांनी. कशाला आले होते विचारलं नाही. खूप थकले होते, नजर कमी झाली होती. मी कोपऱ्यावर उभा राहून बघत होतो. मावशीच्या खांबांमधून ते चालत होते, आणि भिंतीला धरून नव्हे, मधून. समोरून एक पाटीवाली आली, शेजारून गेली, ते थांबले नाहीत. त्या तेवढ्या लांबीत ते चारचौघांसारखे, हात मोकळे सोडून चालत होते. शेवटच्या खांबाशी आले. पुढं दुसऱ्याची इमारत, तिच्या पायऱ्या, पोती, सायकली आणि रस्ता. तिथं ते थांबले, रस्त्याकडे बघितलं आणि वळून परत चालत आले. पुन्हा त्या टोकाला गेले. पुन्हा परत. मला वाटलं ते फेऱ्या मारतायत. मग कळलं, त्यांना स्टँडवर जायचं होतं आणि रस्ता ओलांडायचं धाडस होत नव्हतं.

मी धावत गेलो. “साहेब, मी नेतो ना पलीकडे. चला.”

त्यांनी मला ओळखायला वेळ लावला. ओळखल्यावर भीती कमी झाल्यासारखं काही दिसलं नाही. “तुम्ही?” ते म्हणाले आणि मदतीसाठी दुकानाकडे बघितलं.

मावशी आतून म्हणाली, “जा वो साहेब, घिऊन जा त्याला. फकस्त गाड्यांच्या अंगाला त्याला ठेवा. धडक बसली तं त्याला बसूद्या, गावाचं काय अडनार नाय.”